अण्णाभाऊ साठे यांचं 4 रुपयांचं तिकीट: कोरं घ्यावं की कव्हर?

भारतीय टपाल खात्याने 1 ऑगस्ट 2002 रोजी अण्णाभाऊ साठे यांच्यावर 4 रुपयांचं तिकीट काढलं. अशी तिकिटं बहुधा शताब्दीचं वर्ष गाठून निघतात. इथे तसा आकडा नव्हता, जन्माला 82 वर्षं झाली होती. दीड दिवस शाळा पाहिलेल्या, मुंबईत गिरणीत राबलेल्या शाहिराचा चेहरा पाकिटांवर बसून गावोगाव गेला. मराठी साहित्यिक किंवा कामगार चळवळ या विषयावर संग्रह करणाऱ्याकडे हे तिकीट असायलाच हवं. पण ते दुर्मिळ नाही. ‘दुर्मिळ’ म्हणून भाव चढवणाऱ्याकडून मुळीच घेऊ नका.

नवख्यांची आणखी एक फसगत होते. त्या काळी तिकिटांवर किंमत पैशांत छापायची पद्धत होती, म्हणजे 400 हा आकडा 4 रुपयांचा. 400 रुपयांचं तिकीट असा अर्थ लावून कुणी सौदा करू पाहत असेल तर तिथेच थांबा.

आमची पसंती फर्स्ट डे कव्हरला, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेल्या पाकिटाला, तेही तिकिटासोबत निघालेल्या माहितीपत्रकासह. सुट्या तिकिटात चेहरा मिळतो, कव्हरवर तारीखही मिळते. शिक्का 1 ऑगस्ट 2002 चाच हवा आणि तो तिकीट व पाकीट या दोहोंवर सलग उमटलेला हवा. शिक्क्याची तिकिटावरची रेषा पाकिटावर पुढे जुळत नसेल, तर तिकीट नंतर चिकटवलं असल्याची शंका घ्या. माहितीपत्रक घडीवर फाटलंय का तेही बघा. सारखं उघडझाप केल्याने ते तिथेच झिजतं.

कोरं तिकीट घेताना ते चिमट्याने उचलून उलटं करा. डिंक सगळीकडे सारखा चमकायला हवा. मध्ये निस्तेज चौकोन दिसला तर तिथे पूर्वी हिंज (अल्बममध्ये तिकीट चिकटवायची कागदी पट्टी) लावलं होतं. मग उजेडासमोर धरा: एखादी जागा जास्त उजळ दिसली, तर मागचा कागद सोलला गेलाय. कोपऱ्यातले दाते (कडेचे टोकदार कंगोरे) मोजूनच घ्या, एक तुटका असला तरी किंमत उतरते.

वापरलेलं तिकीट पाकिटावरून ओढून काढू नका, कागद पातळ होतो. भोवती बोटभर कागद ठेवून कापा आणि कोमट पाण्यात 15-20 मिनिटं सोडा. तिकीट आपोआप सुटतं. मागचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा, नाहीतर वाळताना ते टीपकागदालाच चिकटतं. वाळवताना चेहरा खाली ठेवा, अर्धवट वाळलं की जड पुस्तकाखाली दाबा. रंगीत पाकिटावरचं तिकीट वेगळ्या भांड्यात भिजवा, कारण पाकिटाचा रंग सुटून चेहऱ्यावर चढतो.

खरा शत्रू पावसाळा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डिंक ओला होतो, तिकीट पानाला चिकटतं, दात्यांवर तपकिरी ठिपके येतात. ते ठिपके नंतर जात नाहीत. अल्बम उभे ठेवा, आडवे रचले की खालच्या पानांवर दाब येतो. पीव्हीसीचे स्वस्त खिसे टाळा, पानांमध्ये ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद घाला, सिलिका जेलची पुडी जून संपायच्या आत बदला.

अल्बमच्या पानावरची नोंद नीट लिहा, तिथे हमखास चुका होतात. तुकाराम भाऊराव साठे हे मूळ नाव. जन्म वाटेगावचा, 1 ऑगस्ट 1920. गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा सातारा होता. मृत्यू 18 जुलै 1969. नुसतं ‘शाहीर’ लिहून थांबू नका, तो त्यांच्यावर अन्याय आहे. 1944 मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासोबत उभं केलेलं लाल बावटा कलापथक लिहा, आणि ‘फकिरा’ कादंबरीला 1961 मध्ये मिळालेला राज्य शासनाचा पुरस्कारही लिहा.

बरेच जण हे तिकीट लेखकांच्या रांगेत लावतात. चूक नाही, पण ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली होती. म्हणून बाबासाहेबांचं 1966 चं तिकीट, जोतीराव फुल्यांचं 1977 चं आणि सावित्रीबाईंचं 1998 चं एका पानावर घ्या, आणि चौथी जागा याला द्या.