वर्गात कोणता आकडा सांगावा: जनगणनेचा की संयुक्त राष्ट्रांचा?

भूगोलाच्या तासाला ‘भारताची लोकसंख्या किती?’ असं विचारलं की कुणी १२१ कोटी म्हणतं, कुणी १४० कोटींच्या पुढे. चूक कुणाचीच नाही. फक्त साल सांगायचं राहून जातं.

१२१ कोटी हा २०११ च्या जनगणनेचा आकडा. घरोघरी जाऊन मोजलेला, गाव-वॉर्डापर्यंत उतरणारा. आपल्या तालुक्यातलं लिंगगुणोत्तर काढायला मुलांना दुसरं काही नको. पण तो जुना झाला. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही.

संयुक्त राष्ट्रांचा आकडा म्हणजे अंदाज: जन्म, मृत्यू, स्थलांतर यांचं गणित मांडून काढलेला आणि वरचेवर सुधारला जाणारा. जगाची लोकसंख्या सुमारे १०४० कोटींपर्यंत जाईल असं २०२२ मध्ये म्हटलं होतं, २०२४ मध्ये तेच १०३० कोटींवर आलं. मला तर हा बदलच शिकवण्यासारखा वाटतो. देशादेशांची तुलना करायची तर हाच घ्यावा, सगळ्यांना मोजपट्टी एकच. भारताने २०२३ मध्ये चीनला मागे टाकलं तेही याच हिशेबाने, डोकी मोजून नव्हे.

फळ्यावर मात्र दोन्ही एका तक्त्यात कोंबू नयेत. महाराष्ट्राचे २०११ चे ११.२४ कोटी आणि जपानचा आजचा आकडा शेजारी मांडला, की मुलं मधली वर्षं विसरून वजाबाकी करून मोकळी होतात.