कोरिया की जपान: ठाण्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांसाठी

कोरियाच्या ई-2 व्हिसाचं, म्हणजे परदेशी भाषा शिकवायच्या व्हिसाचं, दार मुळात सातच इंग्रजीभाषक देशांना उघडं आहे. भारतीयांना वाट मिळाली ती 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे, आणि तीही सहायक शिक्षक म्हणून. पदवीसोबत अध्यापनाची पात्रता लागते, म्हणजे आपलं बी.एड. इथे कामी येतं. त्रास कागदांचा. पदवीवर आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. पोलीस क्लिअरन्ससाठी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात हजेरी, वर त्यालाही अपोस्टिल. दूतावास मुलाखतीला बोलवू शकतो, तेव्हा करारातला पगार आणि तास तोंडपाठ हवेत.

जपानमध्ये धावपळ मालकाची. तोच तिकडे व्हिसासाठी लागणारं पात्रता प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी) काढतो. ते निघालं त्या तारखेपासून तीन महिन्यांत जपान गाठायचं. खरी मुलाखत मालकच घेतो, बहुधा ऑनलाइन; त्यात पाच मिनिटं शिकवून दाखवायला सांगतात. व्हिसाची मुलाखत सहसा होतच नाही.

पण गोम वेगळीच आहे. शाळेत शिकवायच्या व्हिसाला बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं लागतं. नौपाड्यातल्या मराठी शाळेतून दहावी झालेली, एम.ए. इंग्रजी केलेली बाई इथेच अडते! खासगी संभाषण वर्गांचा व्हिसा वेगळा, त्याला ही अट नाही, पदवी पुरते. तरी जाहिरातीत ‘नेटिव्ह’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत, असं लिहिणारे भेटतातच.

मराठी माध्यम आणि बी.एड. असेल तर मी आधी कोरियाच बघेन.