शिकागो विद्यापीठाचे मराठी कोश: शिक्षकांच्या फार कामाचे

शाळेत मराठी शिकवत असाल, तर शिकागो विद्यापीठाने संकेतस्थळावर ठेवलेले दक्षिण आशियाई भाषांचे कोश मोबाइलवर हाताशी ठेवाच. पैसे लागत नाहीत, देवनागरीत शब्द टाइप केला की झालं. मोल्सवर्थ (१८५७ ची दुसरी आवृत्ती, सुमारे ६० हजार शब्द), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, जुन्या मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस, शिवाय आपट्यांचा संस्कृत कोशही तिथेच.

उपयोग कसा होतो ते सांगते. आमच्या वक्तृत्व स्पर्धेत सातवीतल्या एका मुलीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रमाणपत्र हातात घेऊन तिने विचारलं, "बाई, म्हणजे मी हरले ना?" ‘प्रोत्साहन म्हणून दिलंय’ एवढ्यावर मला तिची बोळवण करायची नव्हती. आपटे उघडला. ‘उत्तेजन’खाली चेतवणं, उभारी देणं हे अर्थ होतेच, पण शस्त्राला धार लावणं, ते उजळणं हाही होता. मूळ धातू ‘तिज्’. तेज आणि तीक्ष्ण त्यातूनच आले. धार लावायची तर आधी पातं असावं लागतं, असं तिला म्हटलं तेव्हा तिने प्रमाणपत्र पुन्हा नीट वाचलं. पुण्यात वसंत व्याख्यानमाला भरवणाऱ्या संस्थेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा का, हेही ओघाने सांगता आलं. ही व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली.

पुढच्या तासाला फळ्यावर शब्दांची रांगच लावली: हुरूप, उत्तेजन, चेव, चिथावणी, भरीस घालणं. हुरूप येतो, उत्तेजन देतात, चेव चढतो. चिथावणी देणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, उत्तेजन देणाऱ्याचे आभार मानतात. मुलांनी भराभर वाक्यं केली. इथे दाते-कर्वे सर्वांत उपयोगी, कारण अर्थ मराठीतच दिलेत. मोल्सवर्थचं स्पष्टीकरण इंग्रजीत, तेही जुन्या वळणाचं. सातवीला ते झेपत नाही, शिक्षकांनी मात्र जरूर वाचावं.

खेळाच्या पानावरचं ‘उत्तेजक द्रव्य’ या जुन्या कोशांत शोधू नका, त्यासाठी नवा कोश हवा. प्रत्यय लागलेलं रूप न टाकता मूळ शब्द टाका. आणि पृष्ठ क्रमांकावर टिचकी मारून पाहा, त्या पानावरचे शेजारचे शब्दही दिसतात. माझे कित्येक तास तिथेच जातात.