अंग झटकणाऱ्या प्राण्याचा फोटो: शटर वेगवान ठेवावं की संथ?

पाण्यातून बाहेर आलेलं कुत्रं अंग झटकतं किंवा अंघोळ आटोपलेली साळुंकी पिसं फुलवून झाडते, तेव्हा चांगला फोटो मिळवण्याचे दोनच मार्ग आहेत. एक तर शटर (कॅमेऱ्यात ठरावीक वेळच उजेड सोडणारा पडदा) इतकं वेगवान हवं की हवेतला थेंबन् थेंब जागच्या जागी थांबेल. नाहीतर इतकं संथ हवं की पाय आणि फांदी स्पष्ट राहतील आणि वरचं अंग हलत्या रेषांमध्ये विरून जाईल. मधलं काही ठेवू नका. चिमणीएवढ्या पक्ष्याला १/२५० सेकंद दिलं, तर डोकं ना स्पष्ट येतं ना पुरतं विरतं; बघणाऱ्याला वाटतं, फोकस चुकलाय.

यातलं कुठलं निवडायचं, हे आधी प्राण्याच्या आकारावर अवलंबून आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरापासून अस्वलापर्यंत ओले प्राणी अंग कसं झटकतात हे मोजलं आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. उंदीर सेकंदाला साधारण ३० वेळा झटकतो, लॅब्रॅडॉर साडेचार वेळा, अस्वल ४ वेळा. अंग जितकं बारीक, तितकं पाणी उडवायला जास्त वेगानं हलावं लागतं. म्हणूनच ‘झटकण्याच्या फोटोसाठी शटर स्पीड किती?’ याचं एकच उत्तर देता येत नाही.

कुत्र्याचं उदाहरण नीट पाहू, कारण सुरुवात तिथूनच करावी. झटकताना कुत्र्याचा कणा एका बाजूला साधारण ३० अंश फिरतो, पण वरची सैल कातडी ९० अंशांपर्यंत जाते. मध्यम-मोठ्या कुत्र्यासाठी हिशेब मांडला, तर झटक्याच्या मधोमध ही कातडी सेकंदाला सहा-सात मीटर वेगानं सरकत असते. म्हणजे १/५०० सेकंदात ती सव्वा सेंटिमीटर हलते, १/२००० मध्ये तीन मिलिमीटर, १/४००० मध्ये दीड. केस केसासारखा दिसायला हवा असेल, तर १/२००० च्या खाली उतरू नये.

पण झोका टोकाला पोचला की क्षणभर थांबतो, तसंच इथेही होतं. एका बाजूचा झटका संपून दुसरीकडचा सुरू होताना अंग जवळजवळ स्थिर असतं आणि हे सेकंदाला नऊ वेळा घडतं. गाल एका बाजूला लोंबलेले, कान उलटे आणि थेंबांचे फवारे अर्धवर्तुळात सुटलेले, अशी चेहऱ्याची सगळ्यात मजेदार अवस्थाही तेव्हाचीच. त्या क्षणी शटर पडलं, तर १/१००० लाही चेहरा चांगला मिळतो. सेकंदाला दहा फ्रेम घेणारा निकॉन डी५०० सारखा जुना डीएसएलआर दोन सेकंदांत वीस फ्रेम देतो आणि त्यातल्या काही या टोकाच्या क्षणाजवळ पडतातच. त्यामुळे केवळ यासाठी महागडा कॅमेरा घेऊ नका. डोळ्यावर आपोआप फोकस धरणारी सोय मात्र इथे भरवशाची नाही. डोळे मिटलेले असतात, डोकं गरगरत असतं, आणि फोकस मागच्या गवतावर निघून जातो. छातीवर एकच बिंदू ठेवून फोकस तिथे बांधून टाकणं बरं. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ/५.६ ते एफ/८ ठेवा (आकडा मोठा, तितकं भोक लहान).

आता संथ शटर. कुत्र्याला ते १/१५ ते १/३० असावं. १/१५ मध्ये एका पूर्ण झटक्याचा जेमतेम तिसरा भाग मावतो, पण गती दिसायला तेवढा पुरतो. बुलबुल, साळुंकी यांना मात्र १/६० ते १/१२५ पुरे होतं, कारण तेवढ्या वेळात त्यांचं अंग बरंच फिरून झालेलं असतं. अट एकच: चित्रात काहीतरी ठामपणे स्थिर हवं. नखांनी पकडलेली फांदी, पाण्याच्या भांड्याची कड, जमिनीवर रोवलेले चार पंजे. तेवढं धारदार आलं की बाकीचं विरलेलं अंग मुद्दाम केलेलं वाटतं. म्हणून ट्रायपॉड किंवा बीन बॅग (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी) लागतेच. लेन्सचं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, पक्ष्याच्या हालचालीवर त्याचा काही इलाज नाही.

माझ्या मते खरा निर्णय उजेड करतो. १/२००० वरून १/६० वर आलात की पाच स्टॉप उजेड जास्त मिळतो; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. म्हणजे जिथे आयएसओ (उजेड टिपणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागत होता, तिथे २०० मध्ये काम होतं. उलट बाजूनं, भर उन्हात १/३० वापरायचं म्हटलं तर आयएसओ १०० ला अॅपर्चर एफ/२२ च्याही पुढे न्यावं लागतं, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, एनडी फिल्टर, आला. तेव्हा फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी सूर्य समोरून तिरपा असेल आणि मागे गर्द सावली असेल, तर वेगवान शटरच वापरा. त्या उजेडात प्रत्येक थेंब काळ्या पार्श्वभूमीवर चमकतो. जुलैच्या ढगाळ दुपारी गॅलरीच्या कठड्यावर भिजून बसलेल्या साळुंकीसाठी संथ शटर घ्या. पावसाळ्यात आयएसओ १२८०० पर्यंत ताणून काढलेल्या, दाणेदार आणि निस्तेज फोटोंपेक्षा १/६० ची एक फ्रेम कितीतरी जिवंत असते.

काही ठिकाणी निवडच उरत नाही. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी येतो. सूर मारून वर उठल्यावर तो उडता उडताच अंग झटकतो. तिथे स्थिर असं काहीच नाही, शिवाय तुम्ही हलत्या होडीत. तिथे १/२५०० किंवा त्याहून वेगवान, दुसरा विचार नको. त्याच होडीतून खुंटावर बसलेला कवड्या खंड्या दिसला, तरी संथ शटरचा मोह टाळा. तो प्रयोग काठावर उतरून करा. ताडोबात मे महिन्यात पाणवठ्यातून उठलेला वाघ संध्याकाळच्या सावलीत झटकतो, तेव्हा गाडीचं इंजिन बंद असेल आणि लेन्सखाली बीन बॅग असेल, तर दोन्ही मार्ग मोकळे असतात. मी तिथे आधी वेगवान शटरनं चार-सहा फ्रेम पदरात पाडून घ्या म्हणेन, कारण तो पुन्हा झटकेल याची खात्री नाही.

आवाज टाळायला बरेच जण इलेक्ट्रॉनिक शटर, म्हणजे पडदा न हलवता फोटो घेण्याची सोय, लावतात. इथे सावध राहा. साध्या सेन्सरवर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचलं जातं. कॅनन आर७ इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला ३० फ्रेम देतो, पण एक फ्रेम वाचायला त्याला सेकंदाचा सुमारे तिसावा भाग लागतो. तेवढ्यात बारक्या पक्ष्याचं डोकं कुठल्या कुठे फिरतं आणि चोच वाकडी उमटते. शटर १/४००० ठेवलं तरी हा दोष जात नाही. त्याच कॅमेऱ्याचं मेकॅनिकल शटर १५ फ्रेम देतं, ते वापरा. निकॉन झेड९ चा सेन्सर इतका झटपट वाचतो की हा त्रास क्वचितच जाणवतो. सोनी ए९ थ्री सगळं चित्र एकदमच टिपतो, तिथे प्रश्नच येत नाही.

बटण दाबण्याआधीच्या फ्रेम साठवणारी प्री-कॅप्चरची सोय असेल तर उत्तम, नसेल तरी बिघडत नाही. प्राणी आधी सांगतात. पक्षी पिसं साफ करून झाली की सरळ बसतो, सगळी पिसं उभी करून गोल फुगतो आणि मग झटकतो. कुत्रं चारी पाय थोडे फाकवून उभं राहतं, मान खाली घेतं. झटका डोक्यापासून सुरू होऊन शेपटीकडे जातो. डोकं हललं की बटण दाबा, शेपटीपर्यंत सोडू नका.

नुसता मोबाईल असेल तर स्लो मोशन लावा. सेकंदाला २४० फ्रेमच्या व्हिडिओत कुत्र्याच्या एका झटक्याला पन्नासहून जास्त फ्रेम मिळतात आणि दोन सेकंदांचं झटकणं सोळा सेकंद बघता येतं. त्यातून काढलेला फोटो फुल एचडीत दोनच मेगापिक्सेलचा असतो, मोठा छापता येत नाही. चित्रण उन्हात करा. घरातल्या काही एलईडी दिव्यांखाली चित्रात पट्टे येतात. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मात्र सफारीला मोबाईल नेता येत नाही.

फोटोसाठी पक्ष्यावर पाणी उडवू नका आणि थंडीत कुत्र्याला भिजवू नका. एप्रिल-मेमध्ये सावलीत उथळ मातीचं भांडं ठेवा, पाणी रोज बदला. भांड्यापासून हातभरावर एक वाळकी फांदी रोवा. अंघोळ झालेला पक्षी झटकायला बहुतेक वेळा तिच्यावरच येऊन बसतो, आणि फोकस आधीच तिथे लावून ठेवता येतो.