अंगणातली पाखरं: सुपरझूम की जुना डीएसएलआर?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या मावसभावाला जास्वंदीवर येणारे शिंजीर टिपायचेत. बजेट बेताचं, आणि जीव दोन ठिकाणी अडकलाय: कॅननचा एसएक्स७० एचएस हा सुपरझूम (लेन्स न बदलणारा, लांबचं जवळ आणणारा कॅमेरा), की वापरलेला १५००डी हा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा) आणि सोबत ५५-२५० एसटीएम लेन्स?

लांबचं आणायला एसएक्स७०ला तोड नाही. ६५ पट झूम, म्हणजे ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापानं १३६५ मिमीपर्यंत. कडुलिंबाच्या शेंड्यावरचा तांबटसुद्धा फ्रेमभर येतो. १५००डीवर ती ५५-२५० लेन्स त्याच मापानं ४०० मिमीइतकीच. पण अंगणात पाखरू दहा-बारा फुटांवर असतं, तिथं ४०० पुरतात.

खरी गोम सेन्सरची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपची. एसएक्स७०चा करंगळीच्या नखाहून लहान, १५००डीचा क्षेत्रफळानं दहापटीहून मोठा. शिंजीर क्षणभर थांबत नाही, शटर १/१००० सेकंद तरी हवं. सकाळच्या कोवळ्या उजेडात, पूर्ण झूमला एसएक्स७०च्या लेन्सचं तोंड एफ/६.५ इतकंच उघडतं, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वर चढतो, फोटो रवाळ होतो आणि गळ्यावरची जांभळी झाक नुसती डाग दिसते. भर उन्हात मात्र दोघांत फार फरक नाही, आणि ऊन तर आपल्याकडे हवं तेवढं!

वजन साधारण ६१० ग्रॅम विरुद्ध ८५०. किरकोळ बाब. जुना घेताना मात्र लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा, शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) विचारा. उन्हाळ्याच्या धुळीत लेन्स काढू नका.

पक्षी ओळखायचेत, अधूनमधून हिप्परगा तलावावरची बदकंही बघायचीत, तर एसएक्स७०. घरच्याच झाडावर पीस न् पीस हवं असेल आणि शिकायची तयारी असेल, तर १५००डी. मावसभावाला मी १५००डीच घ्यायला सांगितलाय.