टोगियान बेटांवरची ‘किनाऱ्यालगतची जागा’: कागद खरे, विक्री खोटी

इंडोनेशियातल्या टोगियान बेटांवर जागा घेण्याच्या व्यवहारात फसलेल्या माणसाकडे शेवटी एक जाडजूड फाईल उरते. तिच्यात 10,000 इंडोनेशियन रुपियांचं मातराई (मुद्रांक) चिकटवलेली पावती असते, गावप्रमुखाच्या सहीशिक्क्याचा जमिनीचा दाखला, मालमत्ता कराची पावती, इंग्रजी करारनामा आणि एक कुलमुखत्यारपत्र असतं. यातला एकही कागद सहसा बनावट नसतो, म्हणूनच एरवी सात-बारा दहादा तपासून घेणारी माणसंही इथे गाफील राहतात.

टोगियान बेटं इंडोनेशियाच्या सुलावेसी या मोठ्या बेटाजवळ, तोमिनी आखातात, अगदी विषुववृत्ताजवळ आहेत. अंपाना बंदरातून बोटीने वाकाईला जायचं आणि तिथून लहान होडीने पुढे. पाण्यात खांब रोवून बांधलेली बाजाव कोळ्यांची गावं, मागे नारळाच्या वाड्या, निळंशार पाणी. फोटो पाहून कुणीही भुलावं. जाहिरात साधारण अशी असते: दहा आर जागा, बांबूच्या चार खोल्या, मासळी दारात, पर्यटन वाढतंय, आत्ताच घ्या. आर म्हणजे आपल्या सात-बाऱ्यावरचाच आर, 100 चौरस मीटर, जवळपास एक गुंठा. ओळखीचं माप दिसलं की मन निम्मं तिथेच तयार होतं.

आता फाईल उघडू. मातराईने पावतीला पुरावा म्हणून वजन येतं. पैसे दिले एवढं त्यावरून सिद्ध होतं, मालकी नाही. गावप्रमुखाचा दाखला, ज्याला तिथे एसकेटी म्हणतात, अमुक माणूस ही जमीन वापरतो एवढंच सांगतो. कराची पावती आपल्या घरपट्टीच्या पावतीसारखी असते, कर भरणारा मालक असेलच असं नाही. मालकीचा भक्कम पुरावा म्हणजे सरकारी भूमी कार्यालयाचं, बेपेएनचं, ‘सर्तिफिकात’. बेटांवरच्या पुष्कळ जमिनींचं ते अजून निघालेलंच नाही. ‘सर्तिफिकात प्रक्रियेत आहे’ हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशातच ठेवा.

समजा सर्तिफिकात आहे. तरीही पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, परदेशी माणसाला मिळूच शकत नाही. 1960 च्या जमीन कायद्याचं 21 वं कलम तसं सांगतं. त्यावर दलालाचा तोडगा ठरलेला: जागा गावातल्या एका भल्या माणसाच्या नावावर घेऊ आणि त्याच्याकडून कर्जाचा करार, मुखत्यारपत्र, भाडेपट्टा असं सगळं लिहून घेऊ. याच कायद्याचं 26 वं कलम मात्र आडमार्गाने केलेला असा व्यवहारही रद्द ठरवतं. जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे कलम दलालाला पाठ असतं. जमीन विकण्याचा कायमचा, मागे न घेता येणारा मुखत्यार 1982 च्या गृहमंत्र्यांच्या आदेशापासून बंद आहे. इंडोनेशियन माणसाशी केलेला करार 2009 च्या भाषा कायद्यानुसार इंडोनेशियन भाषेतही हवा. नुसत्या इंग्रजी मसुद्यावर झालेले करार तिथल्या न्यायालयांनी रद्द ठरवलेले आहेत.

ज्याच्या नावावर जागा होते तो कोळीही या डावातलं प्यादंच. त्याच्या हाती थोडीशी रक्कम पडते, आणि पुढे तो वारला की बायको, मुलं, भाऊ सगळे वारसदार. त्यांनी कशावरही सही केलेली नसते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, जागा त्यांचीच आहे.

जमिनीचीही गंमत बघा. टोगियान 2004 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात बराचसा समुद्र असला, तरी जंगल म्हणून नोंदलेली जमीनही आहे. तशा जमिनीवर गावप्रमुखाचा दाखला कुचकामी ठरतो. शिवाय 2016 च्या राष्ट्राध्यक्षीय नियमानुसार सर्वांत मोठ्या भरतीच्या रेषेपासून आत किमान 100 मीटरचा पट्टा किनारासंरक्षणासाठी आहे. जागा दाखवतात ती ओहोटीला, पांढरी वाळू लांबवर उघडी पडलेली असते तेव्हा. उधाणाची खरी रेषा शोधायची तर वाळूवर वाळलेलं शेवाळ, नारळाची सोडणं आणि प्लास्टिकच्या बाटल्या कुठवर येऊन थांबल्यात ते पाहा. तिथून पावलं टाकत आत गेलात तर पुष्कळदा ‘तुमच्या’ खोल्या त्या पट्ट्यातच निघतात. आणि इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या बेटांवर माड एकाचे, जमीन दुसऱ्याची असंही असतं. नारळ कोण उतरवतो हे शेजाऱ्याला विचारलं की घोडं कुठे पेंड खातंय ते कळतं.

उत्पन्नाचं गणित तर सरळ गाजर आहे. गावातला जिवंत गोबरा आणि चांगली मासळी ‘दारात’ येत नाही. होडीच्या इंजिनासाठी, जाळ्यासाठी, घरखर्चासाठी ज्या व्यापाऱ्याने उचल दिली, त्यालाच ती त्याच्या दराने घालावी लागते. कोकणात हे सांगायची गरज नाही. वीज अनेक गावांत डिझेल जनित्रावर, तीही संध्याकाळपासून काही तासच. बर्फ बाहेरून येतो. बाजाव वस्त्यांत गोडं पाणी शेजारच्या बेटावरून कॅनमध्ये भरून आणतात. विहीर दाखवली तर कोरड्या हंगामाच्या शेवटी, पौर्णिमेच्या भरतीला चव घ्या. वारा उठला की होडी बंद, पर्यटकही बंद. हाताशी आलेले तरुण मोरोवालीच्या निकेल कारखान्यांकडे जातात, मग चार खोल्या सांभाळणार कोण? तुम्ही नाही. पर्यटक व्हिसावर पाहुणे ठेवून पैसे घेणं हे बेकायदा काम ठरतं आणि त्याची शिक्षा हद्दपारी. परदेशी कंपनी काढायची तर जमीन-इमारत सोडून 10 अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणूक दाखवावी लागते, हा सर्वसाधारण नियम.

पैशात दोन खाचा आहेत. पहिली शून्यांची. ‘जुता’ म्हणजे दहा लाख, ‘मिलियार’ म्हणजे शंभर कोटी. एका भारतीय रुपयाला सुमारे 180 ते 190 रुपिया धरले, तर 450 जुता म्हणजे 24-25 लाख रुपये. बोलताना जुता आणि करारात मिलियार असे घोटाळे याच फटीतून होतात. दुसरी खाच बँकेची. दलाल सांगतो, पैसे पाठवण्याचं कारण ‘नातेवाइकांचा खर्च’ असं लिहा, म्हणजे प्रश्न विचारणार नाहीत. तसं लिहिलंत की जमिनीसाठी पैसे दिल्याचा बँकेतला तुमचा पुरावा तुम्हीच खोटा केलात. वर आयकर विवरणातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात काय लिहायचं, हा पेच वेगळाच. भाडेपट्ट्यावर 5 टक्के ‘खरेदी कर’ मागितला तर तोही देऊ नका. तो कर हक्क विकत घेण्यावर असतो, भाड्यावर नाही. भाड्याच्या उत्पन्नावरचा 10 टक्के कर जागामालकाचा.

एवढं कळूनही जायचंच असेल तर सर्तिफिकात असलेली जागा भाड्याने घ्या आणि करार नोटरीसमोर, दोन्ही भाषांत करा. नोटरी तुम्ही निवडलेला हवा, दलालाने आणलेला नको. सर्तिफिकातची अधिकृत पडताळणी भूमी कार्यालयात करून घ्या, सरकारी शुल्क फक्त 50,000 रुपिया आहे. जमीन जंगलात येते का, ते अंपानाच्या उद्यान कार्यालयात नकाशावर पाहा. मालकाची बायको किंवा नवरा आणि सगळे वारसदार यांच्या सह्या घ्या. भाडं एकदम तीस वर्षांचं देऊ नका.

पैसे आधीच गेले असतील तर मूळ पावत्या, बँकेची स्विफ्ट प्रत (परदेशी पैसे पाठवल्याची नोंद) आणि व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं जपून ठेवा. पोलिसात जाण्याआधी इंडोनेशियन वकिलाला भेटा, कारण दुसऱ्याच्या नावावर जागा घेतल्याची कबुली तुमच्याच तक्रारीत येणार आहे. भारताचा जकार्तातला दूतावास किंवा बाली आणि मेदानचे वाणिज्य दूतावास वकिलांची यादी देतील, खटला लढणार नाहीत. आणि महिन्याभरात ‘दहा टक्के द्या, पैसे काढून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन आला, तर त्याला तुमचा नंबर कुणी दिला असेल याचा आधी विचार करा.