मराठी बोलणारा विक्रेता आणि फायनान्स कंपनीची खोटी एनओसी: इंदूरमध्ये जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये जुनी दुचाकी घ्यायच्या विचारात असाल आणि तिच्या आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव दिसत असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. माझे 54 हजार रुपये गेले आणि गाडीही गेली. ज्या कागदाच्या, म्हणजे कर्ज फिटल्याच्या ना हरकत पत्राच्या (एनओसी), भरवशावर पैसे दिले तो दिसायला इतका खरा होता की माझ्या बाबांनी, ज्यांची उभी नोकरी बँकेत झाली, तो उलटसुलट करून पाहिला आणि "ठीक आहे, घे" म्हणाले.

मुंबईची मावशी विचारते, गाडीवाचून एवढं काय अडलं होतं? अडतं. आम्ही लोकमान्य नगरात राहतो, माझं ऑफिस सुपर कॉरिडॉरला, आयटी कंपन्यांच्या रस्त्यावर. आमचं शहर 2017पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे, पण रात्री शिफ्ट संपल्यावर एकट्या मुलीने कॉरिडॉरवरून घरी कसं यायचं, याचं धड उत्तर या शहराने अजून दिलेलं नाही. 31 मे 2025ला मेट्रो सुरू झाली ती कॉरिडॉरवरच्याच सहा किलोमीटरवर. आमच्या बाजूच्या माणसाला तिचा उपयोग शून्य. ई-रिक्षा बदलत बदलत जायचं, नाहीतर पगाराचा मोठा लचका कॅबला द्यायचा. नवी गाडी ऑन-रोड लाखाच्या घरात जाते, म्हणून 2022ची अॅक्टिव्हा बघितली. जाहिरात ऑनलाइन होती, फोटो स्वच्छ होते, भाव बाजारापेक्षा किंचित कमी होता. फार कमी असता तर संशय आला असता.

फोनवर मी हिंदीतच सुरुवात केली. आडनाव ऐकल्याबरोबर पलीकडून, "अहो ताई, मराठी ना तुम्ही? मग हिंदीत कशाला बोलायचं!"

इंदूरबाहेरच्यांना हे कदाचित कळणार नाही. आम्ही घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलून मोठे झालो. होळकरांच्या या गावात मराठी घरं पिढ्यानपिढ्या आहेत, पण अनोळखी माणसाच्या तोंडून अचानक मराठी ऐकलं की अजूनही मन मोकळं होतं. आपलं माणूस भेटलं असं वाटतं. तो हेच जाणून होता. स्कीम 78 या वसाहतीतल्या त्याच्या भाड्याच्या घरी गेलो तर वहिनींनी पोहे केलेले, वर शेव-जिरावन भुरभुरलेलं, मुलगी शाळेची वही उघडून बसलेली. त्याने बाबांना वाकून नमस्कार केला, मूळ गाव विचारलं. पुण्याला बदली झालीय, गाडी नेण्याचा खर्च परवडत नाही म्हणून विकतोय, म्हणाला. एक किल्ली दिली. दुसरी सामान बांधताना कुठल्या तरी खोक्यात गेली, सापडली की देतो, असंही सांगितलं.

आता कागदांचं. एमपरिवहन या सरकारी अॅपवर मी आधीच गाडी पाहिली होती: मालकाचं नाव आधारशी जुळत होतं, विमा चालू, पीयूसी चालू. फायनान्स कंपनीचं नाव मात्र दिसत होतं. ते मी विचारायच्या आधी त्यानेच विषय काढला. "ताई, एक गोष्ट आधीच सांगतो, आरसीवर एचपी चढलेली आहे, पण लोन फिटलंय." आणि फाइल पुढे केली.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडी कर्जावर घेतली की आरसीवर कर्ज देणाऱ्याचं नाव चढतं, हीच एचपी, म्हणजे हायपोथिकेशन, गाडी तारण असल्याची नोंद. कर्ज फिटल्यावर कंपनी एनओसी देते आणि फॉर्म 35 सही-शिक्क्यासह देते. ते आरटीओत दिले की नाव उतरतं, एचपी निघते. जोवर ती निघत नाही तोवर कर्ज देणाऱ्याच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. नावांतराला फॉर्म 29 आणि 30 लागतात.

फाइलमध्ये हे सगळं होतं. कंपनीच्या लेटरहेडवर एनओसी, फॉर्म 35च्या दोन प्रती, निळा गोल शिक्का. लोन नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर मी आरसीशी आकडा-आकडा ताडून पाहिले आणि सगळे जुळले. 29 आणि 30वर त्याने आमच्यासमोर सह्या केल्या, नोटरीकडे इकरारनामा केला. "नायता मुंडल्याला आरटीओत एजंट ठरलाय, आधी एचपी उतरेल, मग लगेच तुमच्या नावावर. त्याचे पैसेही मी दिलेत." मी सगळी रक्कम त्याच्याच खात्यात यूपीआयने दिली. रोख एक रुपया दिला नाही, म्हणून आज निदान पुरावा तरी आहे.

नावांतराचं विचारलं की "फाइल लागलीय ताई, सर्व्हर डाउन आहे" असं उत्तर यायचं. मग फोन लागेनासा झाला. आणि एका सकाळी बडा गणपती चौराह्यावर दोन मोटारसायकली आडव्या आल्या. "मॅडम, गाडी साइड में लगाओ, किस्त बाकी है." मी किल्ली काढून घट्ट धरली. त्यातल्या एकाने काही न बोलता खिशातून दुसरी किल्ली काढली, डिकी उघडली आणि माझा डबा, रेनकोट माझ्या हातात दिला. खोक्यात हरवलेली ती किल्ली पहिल्यापासून फायनान्सवाल्यांकडे होती.

अशा वेळी घाबरून गाडी सोडून जाऊ नका. वसुलीच्या माणसाकडे कंपनीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असायलाच हवं, ते मागा. माझ्याकडे आलेल्यांकडे दोन्ही होतं. मी त्यांचे फोटो घेतले आणि गाडी ताब्यात घेतल्याची लेखी पावती मिळेपर्यंत तिथून हलले नाही.

फायनान्स कंपनीच्या शाखेत मॅनेजरने एनओसी पाहिली, कॉम्प्युटरवर लोन नंबर टाकला आणि म्हणाले की नंबर खरा आहे, गाडी खरी आहे, फक्त हे पत्र आम्ही दिलेलंच नाही. हप्ते कधीचेच थकलेले होते. सगळे आकडे विकणाऱ्याने कर्जाच्या स्टेटमेंटवरून उतरवले होते, म्हणून तर आरसीशी जुळत होते. आपण ताडून पाहतो ते आकडे, आणि खोटी असते ती सही. घरी बसून ती ओळखायचा कुठलाही उपाय सामान्य माणसाकडे नाही. ती एकाच ठिकाणी ओळखता येते, ज्या शाखेच्या नावाने पत्र आहे तिथे.

म्हणून एचपी असलेली गाडी घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याला घेऊन शाखेत जा. कर्ज बाकी असेल तर तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा, एनओसी आणि फॉर्म 35 काउंटरवरून स्वतःच्या हाताने घ्या. उरलेल्या पैशातला मोठा भाग नावांतर होईपर्यंत देऊ नका. कर्ज फिटलंय असं म्हणत असेल, तर आधी एचपी उतरवून आण, एमपरिवहनवर कंपनीचं नाव गेलेलं दिसलं की व्यवहार करू, असं स्पष्ट सांगा. खरा माणूस कुरकुरेल, पण थांबेल. घाई करणाऱ्याची गाडी सोडा, दुसरी मिळते. आणि सही केलेले 29-30 हातात आहेत म्हणजे गाडी आपली झाली असं मुळीच नाही, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, "ये तो लेन-देन का मामला है, कोर्ट जाओ." तसं नाही. खोटं पत्र बनवून पैसे घेणं हा सरळ गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, खोटा दस्तऐवज बनवण्याला 336 आणि तो खरा म्हणून वापरण्याला 340. मी शाखेकडून 'हे पत्र आमचं नाही' असं लेखी घेतलं, 181वर सीएम हेल्पलाइनला तक्रार केली आणि मंगळवारच्या जनसुनवाईत, जिथे अधिकारी लोकांच्या तक्रारी थेट ऐकतात, अर्ज दिला, तेव्हा एफआयआर नोंदला गेला. कंपनीचं ते लेखी उत्तर सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. ते नसेल तर तुमचं म्हणणं तोंडीच राहतं.

या सगळ्यात मला सर्वात जास्त लागलं ते पैशांचं नाही. ओळखीच्या काकूंनी बाबांसमोरच म्हटलं, "एवढी शिकलेली मुलगी, तिला कळू नये?" बाबा त्यानंतर कितीतरी दिवस गप्प होते. काकू, एका माणसाने बायको-मुलीला समोर बसवून, पोहे खाऊ घालून, आमच्याच भाषेत खोटं बोलून आम्हाला लुटलं. लाज त्याला वाटायला हवी. फसलेल्यालाच बोल लावतात म्हणून लोक गप्प बसतात, आणि असा माणूस पुढच्या घरी फाइल घेऊन जातो. आमच्या तपासात देवासच्या एका मुलाची तशीच तक्रार निघाली. तीच कंपनी, तसंच पत्र, पुण्याची तीच बदली. तो घरच्यांना सांगायलाच घाबरत होता.

तुमच्याशीही कोणी असाच व्यवहार केला असेल तर तुमच्या भागातल्या ठाण्यात स्वतंत्र अर्ज द्या आणि अशा आणखी तक्रारी आहेत हे त्यात लिहा. आरसीची प्रत, एनओसीची मूळ प्रत, यूपीआयच्या पावत्या आणि कंपनीचं लेखी उत्तर जोडा. त्याच्याशी झालेलं एकही चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका, "फाइल लागलीय ताई" हे मेसेजसुद्धा.